डंपिंगचा गॅस आकाशातून मोजतात म्हणे. तो कसा?

मंदार_क | १२ मे, रात्री १०:४१

परवा एका लग्नात ताट घेऊन उभा होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "तू उपग्रहाचं काहीतरी करतोस ना? मुंबईच्या कचऱ्यातला गॅस म्हणे वरून दिसतो. उद्या आमच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजाल." दहा मिनिटं समजावत बसलो, तोवर श्रीखंड संपलं. काकांना किती कळलं देव जाणे, म्हणून इथे नीट लिहून काढतो. माझं रोजचं काम उपग्रहचित्रांवरून पिकांचे आणि पाण्याचे नकाशे करायचं. मिथेन हा पोटापाण्याचा विषय नाही, नाद आहे. चुकलो तर कान धरा.

मिथेनला रंग नाही आणि वासही नाही. पण सूर्यप्रकाशातल्या काही ठरावीक लहरी तो गिळतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात, १.६५ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपास, त्याच्या अशा आवडत्या जागा आहेत. ऊन जमिनीवर पडतं, उसळून परत वर जातं, उपग्रह ते पकडतो आणि त्या जागांवर उजेड किती कमी भरला ते बघतो. जितकी तूट जास्त, तितका वाटेत मिथेन जास्त. एकूण सगळा कारभार तुटीच्या हिशेबाचा. त्यामुळे ऊन नसेल तर हिशेबही नाही. रात्री नाही, ढगाआडून नाही आणि पाण्यावर जवळजवळ नाहीच, कारण पाणी या लहरी परत पाठवत नाही.

उपग्रह ढोबळमानाने दोन जातींचे. एक जात अख्खं गाव बघणारी. युरोपचा सेंटिनेल-५पी ऑक्टोबर २०१७ मध्ये वर गेला, त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळजवळ सगळी पृथ्वी झाडून काढतं. पण त्याचा एक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा, म्हणजे दादर ते कुर्ला एकाच ठिपक्यात. दुसरी जात एकच घर निरखणारी. कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीचे मायक्रोवेव्ह ओव्हनएवढे उपग्रह, ठिपका साधारण २५ मीटरचा. पहिली जात ओरडते, "या तालुक्यात काहीतरी शिजतंय", मग दुसरीला तिकडे वळवतात.

या दुसऱ्या जातीतला पहिला उपग्रह, क्लेअर, उडाला कुठून? आपल्या श्रीहरिकोट्याहून. २२ जून २०१६, पीएसएलव्ही-सी३४. त्या रॉकेटात एकूण वीस उपग्रह होते आणि त्यांतच पुण्याच्या सीओईपीच्या पोरांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' होता. त्या दिवशी आम्ही ऑफिसात सगळे स्वयम्साठी टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या सीटवर कोण बसलंय याची कुणाला पडली होती!

त्या क्लेअरने नाव काढलं जानेवारी २०१९ मध्ये. पश्चिम तुर्कमेनिस्तानात एक चिखलाचा ज्वालामुखी बघायला तिला वळवलं होतं. ज्वालामुखी राहिला बाजूला, चित्राच्या कडेला कोर्पेझे तेल-वायू क्षेत्रातून निघालेली मिथेनची लांबलचक शेपटी दिसली. तिथल्या गळत्यांचा अंदाज निघाला ताशी १० ते ४३ टन. मग ट्रोपोमीची जुनी मापं काढून बघितली, तर ही गंगा कित्येक महिने वाहतच होती. राजनैतिक वाटेने निरोप गेला आणि पुढच्या काही महिन्यांत ती शेपटी दिसेनाशी झाली.

आता काकांची मुंबई. २०२२ साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये एक अभ्यास आला. ब्वेनोस आयरिस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई ही चार शहरं. आधी ट्रोपोमीने शहरं हेरली, मग जीएचजीसॅटने कचऱ्याचे डोंगर. मुंबईत कांजूरमार्गचा आकडा आला ताशी ९.८ टन, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ हजार टन. शहराच्या एकूण मिथेनच्या साधारण चौथा हिस्सा. आणि या शहरांचं एकूण उत्सर्जन कागदोपत्री अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघालं.

८५ हजार टन म्हणजे किती? हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाच्या जुन्या तक्त्यात आपल्याकडच्या दुभत्या गायीला वर्षाला ५८ किलो धरलेत. भागाकार करा. साडेचौदा लाख गायी.

---

सुलू | १२ मे, रात्री ११:०५

वाचतेय. श्रीखंडाचं वाईट वाटलं.

---

खाडीकाठ | १२ मे, रात्री ११:३२

चांगला धागा. आम्ही पूर्व उपनगरात एका डंपिंगपासून फार लांब नाही, कोणतं ते लिहीत नाही. दिवेलागणीला वारा पडला की वास घरात शिरतो. सासूबाई सात वाजता खिडक्या लावायला उठतात, घड्याळ न बघता, नाकाने. पावसाळ्यात वाळत घातलेले कपडेसुद्धा घरात आणायच्या आधी हुंगून घेतो. तर प्रश्न असा, की आम्ही रोज मिथेन हुंगतोय का? आणि त्याने काही होतं का?

---

मंदार_क | १२ मे, रात्री ११:५०

@खाडीकाठ, तुम्हाला येतो तो वास मिथेनचा नव्हे. कचरा हवेवाचून कुजला की त्यातून साधारण निम्मा मिथेन, निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दोघांनाही वास नसतो. नाकाला झोंबतात ते त्यांच्याबरोबर चिमूटभर प्रमाणात येणारे हायड्रोजन सल्फाइड आणि इतर गंधकवाले वायू. घरच्या पाइप गॅसमध्येही मिथेनच असतो, त्याला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून.

त्यामुळे गंमत अशी, की उपग्रहाला जे दिसतं ते तुमच्या नाकाला कळत नाही आणि तुमच्या नाकाला जे कळतं ते मिथेनवाल्या उपग्रहाला दिसत नाही. तब्येतीची तक्रार असेल तर मोजायला हवं ते दुसरं, जमिनीवर यंत्र लावून. "उपग्रहाने सिद्ध केलंय" म्हणून अर्ज केलात तर समोरचा साहेब शब्दात पकडेल.

---

आजोबा७२ | १३ मे, सकाळी ६:१२

जानेवारी २०१६ ची देवनारची आग आठवते. आम्ही तेव्हा चेंबूरला राहत होतो, शाळांना सुट्ट्या दिल्या होत्या. नासाच्या उपग्रहचित्रात तो धूर दिसला होता हे पेपरात वाचलेलं. मग यात नवीन ते काय?

---

मंदार_क | १३ मे, सकाळी ९:०३

@आजोबा७२, धूर दिसणं सोपं, कारण तो धूर आहे. साधा फोटो पुरतो. मिथेन शोधायचा तर पार्श्वभूमीच मुळात गढूळ. हवेत दहा लाख रेणूंमागे दोनपेक्षा थोडे कमी मिथेनचे असतातच, सगळीकडे. गळतीमुळे जमिनीपासून आकाशापर्यंतच्या पूर्ण खांबात भर पडते ती बऱ्याचदा शंभराला दोन-चार. ती ओळखायची. भरलेल्या लोकलमध्ये चढलेला एक जादा माणूस मोजण्यासारखं आहे.

---

तर्कटपंथी | १३ मे, सकाळी १०:४४

आलं का, साडेचौदा लाख गायी! मला वाटलंच होतं गाडी गायीवर येणार. अडीचशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून झालं आणि आता वरून दुर्बीण आमच्या गोठ्यावर. २०२१ मध्ये ग्लासगोला ती मिथेनची जागतिक प्रतिज्ञा झाली, २०३० पर्यंत ३०% कपात, त्यावर भारताने सही केली नाही, ते योग्यच केलं. भात आणि दुभतं हे इथे पोट आहे, उद्योग नाही. उपग्रह त्यांचे, आकडे त्यांचे, न्यायाधीशही तेच.

---

नीलाक्षी | १३ मे, सकाळी ११:२०

तर्कटपंथी, आयडीला जागलात. पण गाय मोजली ती धागाकर्त्याने, भागाकारासाठी. उपग्रहाने कचरा मोजला.

मला खरी शंका वेगळी आहे. चित्रात काय दिसतं, तर कुठे किती जास्त मिथेन *आहे*. पण आकडा सांगतात 'ताशी इतके टन'. स्थिर चित्रातून ताशी कसं काढतात?

---

मंदार_क | १३ मे, दुपारी १:३८

@नीलाक्षी, याचीच वाट बघत होतो. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

देवापुढे उदबत्ती लावा आणि पंखा एकवर ठेवा. धुराची शेपटी जाड दिसेल. पंखा पाचवर करा, शेपटी विरळ होईल. उदबत्ती मात्र तेवढीच जळतेय. नुसता फोटो बघून उदबत्ती किती जळते सांगायचं तर पंखा कितीवर होता हे माहीत हवं. तसंच इथे वाऱ्याचं.

हिशेब सोपा आहे. समजा शेपटीतले सगळे ठिपके मिळून दोन टन जादा मिथेन भरला आणि शेपटी दोन किलोमीटर लांब आहे. वारा सेकंदाला तीन मीटर. म्हणजे ती शेपटी तयार व्हायला दोन हजार भागिले तीन, सुमारे अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटांत दोन टन, म्हणजे तासाला १०.८ टन. आता वारा तीनऐवजी चार मीटर धरा. उत्तर १४.४. चित्र तेच, उदबत्ती तीच, आकडा एक तृतीयांशाने फुगला.

आणि हा वारा मोजतं कोण? बऱ्याचदा कुणीच नाही, हवामानाच्या मॉडेलमधून घेतात. तुर्कमेनिस्तानच्या सपाट वाळवंटात ते चालून जातं. मुंबईत दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला टेकड्या, मध्ये इमारती. ट्रोपोमी डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास, वारा दिशा बदलून स्थिरावत असतो तेव्हा. म्हणून असे आकडे वाचताना 'अधिक-उणे किती' ते आधी बघतो. ९.८ मधला दशांश चिन्हानंतरचा आठ मी मनावर घेत नाही. पण तो एक टन नव्हता आणि पन्नासही नव्हता, एवढं घेतो. आणि कागदावरच्या अंदाजाला तेवढं पुरेसं लाजवणारं आहे.

---

भोगावती | १३ मे, रात्री ८:१५

राम राम मंडळी. आमचा दोन म्हशी आन एका जर्सीचा गोठा. दिसतोय का वरनं तेवढं सांगा, म्हंजे दारात रांगोळी घालून ठेवतो.

थट्टा सोडा, पण घरी गोबरगॅस हाय. वडलांनी घातलेला. गेल्या साली ज्योत पिवळी पडाय लागली, चहाला अर्धा तास. आधी वाटलं शेण कमी पडतंय. मग एक जण म्हणला पायपातनं जातोय. साबणाचं पाणी करून घमेल्यात घेतलं आन ब्रशनं पायपाला लावत गेलो टाकीपासनं चुलीपातूर. गोठ्याच्या भिंतीपाशी एल्बोवर बुडबुडा फुगला, बारीक बोराएवढा. फुटला की परत फुगतोय. तिथं बघत बसलो म्हणा की, वर्षभर हितनं चाललंय आन आपल्याला पत्त्या न्हाई. ह्यो गेलेला गॅस कोण मोजणार?

---

मंदार_क | १३ मे, रात्री ९:०२

@भोगावती, तुमचा गोठा आजच्या कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही, रांगोळी राहू द्या. जीएचजीसॅटची नजर ताशी शंभर किलोच्या आसपास सुरू होते. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या एका गुरांच्या कोंडवाड्यावरची शेपटी पकडली होती, पण तिथे ताशी ४४३ ते ६६८ किलो निघत होता. हजारो गुरं एका कुंपणात. आपल्याकडे तेवढीच गुरं शंभर गावांत दोन-दोन, तीन-तीन अशी. विखुरलेलं कधीच शेपटी धरत नाही, नुसतं धुकं होतं.

आणि हेच @तर्कटपंथींना. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबात, २०१६ साठी, आपल्या मिथेनपैकी ७४% च्या आसपास शेती-पशुपालनाचा आणि १४% च्या आसपास कचरा-सांडपाण्याचा. उपग्रहाला सुटं सुटं दिसतं ते बहुतेक दुसरं: डंपिंग, कोळशाच्या खाणी, तेल-वायू. गायीवर दुर्बीण नाही, उलट गाय दुर्बिणीतून सुटते. शिवाय २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला होता. जपानच्या गोसॅट उपग्रहाची, विमानांची आणि जमिनीवरची मापं एकत्र करून २०१०-१५ मध्ये भारताचा मिथेन वर्षाला सुमारे २.२ कोटी टन निघाला, आपल्या सरकारी आकड्याशी बऱ्यापैकी जुळणारा आणि फारसा न वाढणारा. म्हणजे त्याच 'त्यांच्या' उपग्रहाने त्या वेळी आपल्या बाजूने साक्ष दिली.

सही न करण्याबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण डंपिंग कुणाचं पोट नाही.

---

तर्कटपंथी | १३ मे, रात्री ९:४०

डंपिंगवर कचरा वेचणाऱ्यांचं आहे. बाकी २०१७ चा मुद्दा मान्य, माहीत नव्हता. पण माझा रोख वेगळा आहे. जे दिसतं तेच दोषी ठरतं. ठिपक्यात मावेल असा ढीग आमच्याकडे आहे, म्हणून मथळ्यात मुंबई. ज्यांचा धूर विखुरलाय ते सुटले.

---

मंदार_क | १३ मे, रात्री ९:५८

दोन्ही मुद्दे बरोबर. कचरावेचकांचं मी विसरलो होतो.

---

कॅलगरीकर | १४ मे, पहाटे ४:२६

उशिरा आलो, इकडे आत्ता दुपार आहे. मी आल्बर्टात तेल-वायूच्या कामात आहे, गळत्या शोधून दुरुस्त करणं हेच काम. कंपनीचं नाव विचारू नका, तेव्हाच्याही आणि आत्ताच्याही. दोन अनुभव सांगतो, दोन्ही विरुद्ध दिशेचे.

पहिला. एका मंगळवारी मेल आली की तुमच्या अमुक ठिकाणी अमुक तारखेला सकाळी ११:२० ला मोठी शेपटी दिसली. दीड तास गाडी हाणत गेलो. काही नाही. नोंदी उघडल्या तर त्या दिवशी कॉम्प्रेसर दुरुस्तीसाठी रिकामा केला होता, आतला गॅस चाळीस मिनिटं सोडला. नेमका त्या चाळीस मिनिटांत वरचा डोळा उघडला. त्या आकड्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणलं असतं तर आमची बेअब्रू, आणि ती खोटी. हे गुणाकार लोक सर्रास करतात.

दुसरा. पुन्हा तशीच मेल, आणि आमचे सुपरवायझर म्हणाले, "तसंच काहीतरी असेल, जाऊ दे." मी गेलो. टाकीच्या माथ्यावर एक झाकण असतं, मापं घ्यायला उघडायचं. नुसत्या डोळ्यांना सगळं ठीक. अवरक्त कॅमेरा लावला आणि झाकणाच्या कडेने काळं काहीतरी भसाभसा उसळताना दिसलं, दुधाचं पातेलं उतू जाताना दिसतं तसं. कॅमेरा डोळ्यावरून काढला की निळं आकाश, शांत. परत लावला की उतू चाललंय. आतली रबरी चकती झिजली होती. काही डॉलरची चकती. आधीच्या तीन महिन्यांच्या तपासणीच्या कागदावर त्या झाकणापुढे 'ठीक' अशी खूण होती, कारण तपासणी करणारा वर चढलाच नव्हता.

तेव्हा मेल आली की जाऊन बघायचं, एवढंच शिकलोय. भोगावती, तुमचा बुडबुडा वाचून बरं वाटलं. आमच्या गाडीतसुद्धा साबणाच्या पाण्याची बाटली असते, अजून.

---

नीलाक्षी | १४ मे, सकाळी ८:५०

कॅलगरीकर, सुंदर प्रतिसाद. दुधाचं पातेलं डोळ्यांसमोर आलं.

पण मेल आल्यावर सगळे जातात का?

---

कॅलगरीकर | १४ मे, रात्री ८:३१

कुठले जातात! संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची एक यंत्रणा आहे, मार्स म्हणून. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली. वेगवेगळ्या उपग्रहांची मापं चाळून मोठी गळती सापडली की त्या देशाच्या सरकारला आणि कंपनीला कळवतात. पहिल्या दोन वर्षांत अशी १,२०० पत्रं गेली, ठोस उत्तर आलं शंभरातल्या एकाला. २०२५ च्या अहवालात ते प्रमाण १२ वर गेलं. प्रगतीच म्हणायची.

आणि तुर्कमेनिस्तानबद्दल धागाकर्त्याने एक गोष्ट लिहिली नाही, ती मला सगळ्यात इरसाल वाटते. तेलाबरोबर येणारा नको असलेला गॅस उंच नळकांड्यावर जाळतात. ती ज्वाळा रात्री उपग्रहांना लख्ख दिसते आणि अशा जाळण्यावर बरीच वर्षं जगाचं बोट आहे. २०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅस्पियनच्या किनारपट्टीवर मिथेनच्या २९ मोठ्या जागा सापडल्या, त्यांतल्या २४ होत्या विझलेल्या नळकांड्या. ज्वाळा नाही, गॅस मात्र चालू. जळला असता तर बहुतेक कार्बन डायऑक्साइड झाला असता. न जळता गेला तो मिथेन, वीस वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन ऐंशीपट तापवणारा. मुद्दाम विझवल्या की आपोआप, ते तिथल्यांना माहीत. पण दिवा घालवला की घरात कुणी नाही असं शेजाऱ्यांना वाटतं, हे आमच्या चाळीतसुद्धा भाडं चुकवणारे करायचे.

---

सुलू | १४ मे, रात्री ९:१०

चाळ आणि कॅस्पियन एका वाक्यात. धागा सार्थकी लागला. वाचनखूण साठवली आहे.

---

आजोबा७२ | १५ मे, सकाळी ६:०५

हे सगळं फुकट बघता येतं की कंपन्यांच्या तिजोरीत? आणि आपला इस्रो यात कुठे आहे? मंगळयानावर मिथेन शोधायचं यंत्र पाठवलं होतं हे पक्कं आठवतं.

---

मंदार_क | १५ मे, सकाळी ९:४०

@आजोबा७२, आठवण पक्की आहे. मंगळयानावर अहमदाबादच्या केंद्राने बनवलेलं मिथेन सेन्सर होतं. पण मंगळावरचा मिथेन, असलाच तर, अब्जात काही भाग. तेवढं वेगळं काढणं त्याला जमलं नाही, पुढे त्याचा उपयोग पृष्ठभागाची चमक मोजायला झाला. गंमत म्हणजे क्लेअरमधलं यंत्रही त्याच तत्त्वावरचं, दोन अर्धपारदर्शक आरशांमध्ये प्रकाश खेळवायचा. पृथ्वीवरच्या गळतीपुढे काम त्या मानाने सोपं.

फुकटचं म्हणाल तर बरंच आहे. ट्रोपोमीचा सगळा डेटा खुला. मार्सचा नकाशा खुला. 'कार्बन मॅपर' नावाची एक अमेरिकन ना-नफा संस्था आहे, त्यांच्या भागीदारीतला टॅनेजर-१ उपग्रह ऑगस्ट २०२४ मध्ये गेला, त्याच्या शेपट्या त्यांच्या संकेतस्थळावर दिसतात. जीएचजीसॅट धंदा आहे, बारीक डेटा विकत. आणि जो उपग्रह खास सगळ्यांना फुकट आकडे द्यायला बनवला होता तो मिथेनसॅट. अमेरिकेतल्या पर्यावरणवादी संस्थेचा, न्यूझीलंडची साथ, खर्च ८.८ कोटी डॉलर. मार्च २०२४ मध्ये उडाला आणि २० जून २०२५ ला त्याच्याशी संपर्क तुटला. वीजच गेली. जेमतेम पंधरा महिने चालला. त्याची दोनशे किलोमीटर रुंद पट्टी अख्खं तेलक्षेत्र एका नजरेत घ्यायची. गाव बघणारी जात आणि घर निरखणारी जात यांच्या मधली ती जागा आता रिकामी आहे. मला अजून वाईट वाटतं.

आणि एक चोरवाट आहे. सेंटिनेल-२. पिकांसाठी मी रोज वापरतो तोच. मिथेनसाठी बनवलेला नाही, पण त्याच्या बाराव्या पट्ट्याला (पट्टा म्हणजे तो टिपतो त्या लहरींचा एक गट) मिथेन थोडा जास्त खुपतो, अकराव्याला कमी. दोन्हींचा भागाकार करून दोन तारखांची तुलना केली की वाळवंटातली मोठी गळती दिसते, ताशी दोन-तीन टनांपासून. ठिपका २० मीटर, दर पाच दिवसांनी, चकटफू. या शनिवार-रविवारी कांजूरवर करून बघतो.

---

मंदार_क | १७ मे, रात्री ११:१६

केलं. आणि दिसलं! दहा दिवसांच्या अंतराच्या दोन स्वच्छ तारखा घेतल्या, दोन्ही वेळा उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास गेलेला. दोन्ही तारखांचे भागाकार काढले, एकातून दुसरा वजा केला. डंपिंगच्या पूर्वेला खाडीच्या बाजूने दीड किलोमीटर लांब, ठळक, वाकलेली पट्टी. सकाळचा वारा जमिनीवरून खाडीकडे, म्हणजे दिशाही जुळते. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, छान, आणि परत झोपली.

---

खाडीकाठ | १८ मे, सकाळी ७:२२

मंदार, तारखा सांगता का? मला ती पट्टी वाकलेली आहे हे खटकतंय. कशी वाकलीय, विक्रोळीच्या बाजूला पोट आणि दोन्ही टोकं पाण्याकडे?

---

मंदार_क | १८ मे, सकाळी ८:१०

हो, अगदी तशीच! तुम्हाला कसं कळलं? तारखांचं म्हणाल तर कॅलेंडरात पाहिलं, पहिल्या तारखेला चतुर्दशी, दुसऱ्या तारखेला नवमी.

---

खाडीकाठ | १८ मे, सकाळी ८:३४

मग ती शेपटी नाही हो, खाजण आहे. माझं माहेर कोळीवाड्यातलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ करून घेतात. चतुर्दशीला साडेदहा, खाडीत आत थोडी उशिरा. म्हणजे तुमच्या अकराला पाणी तिवरांच्या मुळांशी. नवमीला भरती पावणेसातला, म्हणजे अकराला ओहोटी उतरत आलेली, सगळा चिखल उघडा. एका चित्रात पाणी, दुसऱ्यात ओला चिखल. वजाबाकीत दिसणारच ना तो काठ?

---

मंदार_क | १८ मे, सकाळी ९:५५

...

बरोबर. ओला चिखल या दोन पट्ट्यांना सारखा वागवत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. भरती-ओहोटीचं कोष्टक आत्ता काढून बघितलं, तुमची पाऊणपट अर्ध्या तासाच्या आत जुळली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तरी मला उठवलंस.

---

तर्कटपंथी | १८ मे, सकाळी १०:२०

उपग्रह त्यांचे, आकडे त्यांचे, भरती आमची. 😄

---

कॅलगरीकर | १८ मे, रात्री ८:०२

मंदार, मनाला लावून घेऊ नका. सौर पॅनेल, हरितगृहांचं प्लास्टिक, काही प्रकारचे पत्रे, सगळ्यांनी मोठमोठ्या मंडळींना असंच फसवलंय. आमच्याकडे एकदा चुनखडीच्या खाणीला गळती म्हणून मेल आली होती. एकाच तिथीच्या दोन तारखा घेऊन परत करा.

---

मंदार_क | १९ मे, रात्री १०:३०

तेच करायला बसलो. दोन तारखा अशा हव्यात की भरती सारखी, वारा सारखा आणि ढग शून्य. एप्रिलची एक मिळाली, तिची जोडी मेमध्ये शोधतोय, पण गेल्या दोन फेऱ्यांना चित्रात कापूस पसरलाय. पुढचे चार महिने तर विसराच. कचरा भिजून सर्वांत जास्त कुजतो तेव्हा आणि भातखाचरं भरतात तेव्हा वरून मुंबईचं काहीच दिसत नाही, आणि वर्षाची सरासरी काढतात ती मुख्यतः उरलेल्या कोरड्या दिवसांवरून. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

@भोगावती, एल्बो बदलला का?

---

भोगावती | २० मे, सकाळी ७:४८

बदलला तवाच. पर आता कॉकपाशी बुडबुडा येतोय.